शहाणा, समंजस आणि शरीफ

उगाच आवाज न चढवणाऱ्या, दुसऱ्याचे ऐकून घेऊन मग बोलणाऱ्या आणि डोके ठिकाणावर ठेवून वागणाऱ्या माणसासाठी मराठीतला जुना घरगुती शब्द म्हणजे 'शहाणा'. व्युत्पत्तीकार तो संस्कृत 'सज्ञान' या शब्दापासून लावतात. मधला 'ज्ञ' झिजत गेला. मराठीत त्या जागी 'ह' आला आणि 'शहाणा' झाला. हिंदीत 'य' राहिला आणि 'सयाना' झाला. दिल्लीच्या दक्षिणेला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाला लागून असलेले मुनिरका हे मूळचे टोकस गोत्राच्या जाटांचे गाव. तिथल्या वडीलधाऱ्यांच्या हरियाणवी वळणाच्या बोलीत हाच शब्द 'स्याणा' म्हणून ऐकू येतो. विद्यापीठात शिकायला आलेल्या आणि मुनिरकाच्या गल्लीत खोली घेऊन राहणाऱ्या लातूरच्या किंवा साताऱ्याच्या मुलाला तो कानाला ओळखीचा वाटतो, कारण त्याच्या गावीही लोक 'शहाणा' न म्हणता 'शाणा'च म्हणतात. मात्र ही दोन भावंडे वेगवेगळ्या घरांत वाढली. त्यांचे अर्थ सगळीकडे सारखे राहिलेले नाहीत.

मूळच्या 'सज्ञान'मध्ये दोन गोष्टी एकत्र होत्या, कळण्याचे वय आणि कळण्याची शक्ती. मराठीने पुढे त्यांची वाटणी केली. वयाचा अर्थ कायद्याकडे गेला. अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती कायद्याच्या भाषेत 'सज्ञान', त्याखालची 'अज्ञान'. सातबाऱ्यावर एखाद्या मुलाचे नाव लागते तेव्हा पुढे 'अ.पा.क.' अशी तीन अक्षरे येतात. त्यांचा अर्थ 'अज्ञान पालनकर्ता', आणि त्यापुढे आईचे, काकाचे किंवा आजोबाचे नाव. मूल अठराचे झाले म्हणजे हा शेरा आपोआप जात नाही. वयाचा पुरावा जोडून तो कमी करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो. महसूल खात्याच्या ई-हक्क प्रणालीत 'अपाक शेरा कमी करणे' हा अर्जाचा वेगळा प्रकारच आहे. तिशी-पस्तिशी ओलांडलेले, स्वतःची मुले शाळेत जाणारे शेतकरीही कागदोपत्री अज्ञानच राहिलेले आढळतात, कारण हा अर्ज कोणी केलेलाच नसतो.

वयाचा हाच अर्थ बोलीत मुलींच्या बाबतीत टिकला. 'पोरगी शाणी झाली' म्हणजे तिला पाळी आली. हिंदीतली 'सयानी बेटी' म्हणजे लग्नाच्या वयाची मुलगी. या प्रयोगात अकलेचा प्रश्न नाही, वयाचा आहे. पण त्या दिवसापासून मुलीने जपून, खालच्या आवाजात, वेळेवर घरी येऊन वागायचे असते ही अपेक्षा शब्दासोबत चालत येते. मुलगा शाणा झाला असे या अर्थाने कोणी म्हणत नाही.

उत्तरेत वयाचा अर्थ अधिकाराकडेही वळला. डेहराडून जिल्ह्याच्या डोंगराळ जौनसार-बावर भागात गावप्रमुखाला 'सयाणा' म्हणतात. गावातले तंटे सोडवणे, रीत सांगणे ही त्याची परंपरागत कामे. हिंदी पट्ट्यातल्या खेड्यांत झाडफूंक करणारा, अंगातले उतरवणारा माणूसही 'सयाना'च. महाराष्ट्रात त्याच माणसाला भगत किंवा देवऋषी म्हणतात. इतरांना न कळणारे ज्याला कळते तो, एवढेच या सगळ्या नावांमागचे सूत्र आहे.

घरात मात्र 'शहाणा' शब्दाचा रोजचा उपयोग लहान मुलांसाठी होतो, आणि तिथे त्याचा अर्थ अकलेपेक्षा शांतपणाच्या बाजूला झुकतो. 'शहाण्यासारखा बस', 'बाळ किती शहाणं आहे, रात्रभर रडलं नाही', 'शहाणी माझी बाई, औषध घेतलंस ना?' या तिन्ही वाक्यांत बुद्धीची परीक्षा नाही. न रडणे, न धावणे, सांगितलेले ऐकणे यालाच शहाणपण म्हटले आहे. मोठी माणसे मुलांना जे शहाणपण शिकवतात त्यात गप्प बसण्याचा वाटा बराच मोठा असतो.

शांत असणे आणि शहाणे असणे एकच का, हा प्रश्न मराठीपुरता नाही. प्राचीन ग्रीकांकडे 'सोफ्रोसिनी' असा एक शब्द होता. संयम, विवेक, स्वतःवरचा ताबा, मर्यादेचे भान हे सगळे त्यात येते. प्लेटोचा 'खार्मिडीस' हा संवाद या एका शब्दाच्या अर्थावर उभा आहे. देखणा, लाजरा तरुण खार्मिडीस याला सॉक्रेटिस विचारतो की सोफ्रोसिनी म्हणजे काय. त्याचे पहिले उत्तर असे की रस्त्याने चालताना, बोलताना, सगळे काही सावकाश आणि शांतपणे करणे. सॉक्रेटिस ते लगेच खोडून काढतो. वाचणे, लिहिणे, कुस्ती, धावणे, शिकणे यांत चपळपणा चांगला की मंदपणा, असे तो विचारतो, आणि मुलाला कबूल करावे लागते की शांतपणा हाच गुण असेल तर यातली निम्मी कामे बिघडतील. संवाद निश्चित व्याख्येवर न पोचताच संपतो. इतिहासाने त्याला कडवट पुरवणी जोडली आहे. या संवादातला दुसरा बोलणारा क्रिटियास हा पुढे इ. स. पू. 404 मध्ये अथेन्सवर सत्ता बळकावणाऱ्या तीस जुलमी शासकांचा म्होरक्या झाला. खार्मिडीस त्यांच्याच बाजूने राहिला, आणि पुढच्या वर्षी दोघेही एकाच लढाईत मारले गेले.

मराठीत 'शहाणा' शब्द शांतपणाशी कायमचा बांधला गेला नाही याला पेशवाई बऱ्याच अंशी कारण असावी. अठराव्या शतकातले 'साडेतीन शहाणे' शाळेत प्रत्येकाने ऐकलेले असतात. पेशव्यांकडचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाकडचे विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, आणि नाना फडणवीस हे अर्धे. नानांनी लेखणी चालवली पण तलवार हाती धरून लढाई केली नाही, म्हणून ते अर्धे, असे परंपरा सांगते. या तीन-साडेतीन जणांपैकी स्वस्थ बसणारा एकही नव्हता. विठ्ठल सुंदर 10 ऑगस्ट 1763 रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवनच्या लढाईत मारला गेला. सखारामबापू बारभाईंच्या कारस्थानात नानांसोबत होते, पुढे त्याच नानांच्या कैदेत पडले आणि 1781 मध्ये रायगडावर कैदेतच वारले. इथे शहाणा म्हणजे दुसऱ्याचा डाव आधी ओळखणारा, कोणाशी कधी तह करायचा आणि तो कधी मोडायचा हे जाणणारा मुत्सद्दी. बाळाला 'शहाणं' म्हणणारी आजी आणि सखारामबापूंना 'शहाणे' म्हणणारा बखरकार यांच्या मनात एकच माणूस नाही.

नाना 13 मार्च 1800 रोजी वारले. त्यांच्याबरोबर मराठ्यांच्या राज्यकारभारातले शहाणपण आणि नेमस्तपणा दोन्ही गेले, अशा आशयाचे उद्गार पुण्यातला ब्रिटिश रेसिडेंट पामर याने काढले. मराठी इतिहासलेखनात त्याचा उल्लेख वारंवार येतो. त्यातली जोडी लक्षात घेण्यासारखी आहे. शहाणपण वेगळे मोजले आणि संयम वेगळा. एका माणसात दोन्ही असले तरी ती दोन आहेत, हे परक्या वकिलालाही जाणवले होते.

'नेमस्त' हा शब्द नंतर राजकारणात आला आणि तिथे त्याची परवड झाली. न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या वळणाच्या लोकांना नेमस्त किंवा मवाळ म्हणत. टिळकांच्या बाजूचे ते जहाल. सनदशीर मार्ग, अर्ज, आकडेवारी, कायदेमंडळातले भाषण ही नेमस्तांची हत्यारे. गोखल्यांनी 1905 मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापला तो याच वृत्तीतून. डिसेंबर 1907 मध्ये सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात दोन्ही बाजू समोरासमोर आल्या. मंडपात खुर्च्या फेकल्या गेल्या, आणि प्रेक्षकांतून आलेला एक मराठी पद्धतीचा जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांपर्यंत गेला. काँग्रेस फुटली. त्यानंतरच्या मराठी लेखनात 'मवाळ' हा शब्द दूषण म्हणून रूढ झाला, आणि 'नेमस्त' तर जवळजवळ पुस्तकातच राहिला. आज एखाद्याला मवाळ म्हटले तर तो खूष होत नाही. शांत डोक्याच्या माणसांना नाव देणारा एक चांगला शब्द मराठीने राजकारणाच्या हमरीतुमरीत असा घालवला.

'शहाणा' शब्दाचे नुकसान मात्र राजकारणाने केले नाही. ते उपहासाने केले. मराठी बोलण्यात सरळ स्तुतीवर कोणाचा फारसा विश्वास नसतो, आणि ज्याची स्तुती करायची तो शब्दच काही काळाने टोमण्याला वापरला जातो. 'मोठा शहाणा लागून गेलास!' या वाक्यात शहाणा म्हणजे नेमका उलटा माणूस. 'दीडशहाणा' आणि 'अतिशहाणा' यांत संख्या वाढली तशी किंमत उतरली. अतिशहाण्याचा बैल रिकामा राहतो. 'शहाणपण' आणि 'शहाणपणा' या जुळ्यांतही बोलणाऱ्यांनी भेद केला आहे. 'शहाणपण' पाहिजे असते, 'शहाणपणा' नको असतो. 'ठेच लागल्यावर शहाणपण आलं' हे मान्य, पण 'माझ्यापुढे शहाणपणा करू नकोस' ही धमकी. कोशात हा भेद इतका ठळक नसतो, तोंडात असतो. मुंबईत 'शाणा' आणि 'शाणपट्टी' म्हणजे लबाडीच. दिल्लीतही तीच गत आहे. 'ज़्यादा सयाना मत बन' हे वाक्य मुनिरकाच्या रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत कोणीही कोणालाही ऐकवतो. इतक्या लांबच्या दोन शहरांत एकाच शब्दाचे सारखेच हाल व्हावेत याचे कारण सोपे आहे. अक्कल आहे असे कबूल करणे आणि ती दाखवू नकोस असे बजावणे, दोन्ही कामे हा एक शब्द करतो.

म्हणींमध्ये मात्र शहाणा अजून सन्मानाने नांदतो. 'शहाण्याला शब्दाचा मार', 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा', 'सत्तेपुढे शहाणपण चालत नाही'. सर्वांत जास्त बोलली जाणारी म्हण म्हणजे 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये'. ही म्हण कायद्याच्या बाजूची नाही, पण महाराष्ट्र शासनाने एका अर्थी तिलाच योजनेचे रूप दिले. 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत गावातलीच समिती बांधाचे, भाऊबंदकीचे, हाणामारीचे वाद तडजोडीने मिटवते. अशा समितीवर कोण असावा असे गावात विचारले तर उत्तर 'शहाणा माणूस' असे येत नाही. 'समंजस माणूस' असे येते.

इथून पुढचा किल्ला 'समंजस' या शब्दाने लढवला. संस्कृतात 'समञ्जस' म्हणजे रास्त, सुसंगत, जिथे जे बसायला हवे तिथे ते बसलेले. 'अञ्जस' म्हणजे सरळ. संस्कृतात हा शब्द माणसापेक्षा म्हणण्याला, युक्तिवादाला आणि वागण्याला जास्त लागे. मराठीने तो माणसाला चिकटवला आणि त्यात शांतपणाही घातला. समंजस माणूस हुशार असेलच असे नाही, शिकलेला असेलच असे नाही. पण त्याच्यापुढे प्रश्न मांडला तर तो चिघळणार नाही याची खात्री असते. हा शब्द अजून तरी टोमण्यात सापडलेला नाही. 'मोठा समंजस लागून गेलास' असे कोणी म्हणत नाही. चार अक्षरांचा, थोडा पुस्तकी वळणाचा हा शब्द भांडणाच्या वेगात तोंडात येत नाही, हेच त्याचे संरक्षण असावे.

याच शब्दाचा उलटा रामायणात माणसाचे नाव म्हणून येतो. अयोध्येच्या सगर राजाला केशिनी राणीपासून झालेला मुलगा असमंज, म्हणजेच असमंजस. बालकांडात त्याची ओळख अशी आहे की तो नगरातली लहान मुले पकडून शरयू नदीत फेकी आणि ती बुडताना पाहून हसे. प्रजेने तक्रार केल्यावर बापाने त्याला देशाबाहेर घालवले. त्याचा मुलगा अंशुमान मात्र सद्गुणी निघाला, आणि त्याच वंशात पुढे भगीरथ झाला. अयोध्याकांडात कैकेयी रामाला वनात पाठवण्यासाठी याच असमंजाचा दाखला देते, आणि एक वृद्ध मंत्री तिला सुनावतो की तो मुले बुडवत होता, रामाने कोणाचे काय बिघडवले? नावाचा अर्थ आणि माणसाचे वागणे पुराणांत इतके जुळलेले क्वचितच सापडते.

हिंदीत 'असमंजस' जगला, पण त्या क्रूर राजपुत्राशी त्याचा संबंध उरला नाही. 'असमंजस में हूँ' म्हणजे काय करावे कळेना, पेचात आहे. 'समंजस' हिंदीत माणसासाठी जवळजवळ कोणी वापरत नाही. म्हणून मुनिरकामध्ये खोली शोधणारा मराठी विद्यार्थी आपल्या मित्राची ओळख करून देताना 'बहुत समंजस लड़का है' म्हणाला, तर घरमालकाच्या कानात ओळखीचा असतो तो 'असमंजस'च, आणि सुरुवातीचा 'अ' ऐकू आला की नाही याबद्दल त्याला शंका येते. 'सामंजस्य' मात्र दोन्ही भाषांत आहे. मराठी वर्तमानपत्रांत दोन सरकारांमधल्या किंवा संस्थांमधल्या एमओयूला 'सामंजस्य करार' म्हणतात. हिंदीत त्याच कागदाला 'समझौता ज्ञापन' म्हणतात.

समंजस कोणाला म्हणतात याहून समंजस कोणी व्हावे असे सांगितले जाते हे पाहिले, तर शब्दाची दुसरी बाजू दिसते. विवाहाच्या जाहिरातींत 'समंजस' हा गुण वर आणि वधू दोघांकडून मागितला जातो, पण घरात मात्र तो थोरल्या मुलाकडून, थोरल्या बहिणीकडून आणि सुनेकडून जास्त अपेक्षिला जातो. 'तू मोठी आहेस, तू समंजस आहेस' या वाक्यानंतर खेळणे धाकट्याकडे जाते. संपाच्या वेळीही 'समंजस भूमिका घ्यावी' हे आवाहन बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांना केलेले असते, व्यवस्थापनाला क्वचितच. शब्द निर्मळ आहे, पण त्याचा वापर बहुधा वरून खाली होतो. ज्याच्याकडे सोडण्यासारखे कमी आहे त्यालाच सोडायला सांगताना हा शब्द पुढे केला जातो.

'समजूतदार' या बाबतीत जास्त उघड आहे. 'समजूत' या मराठी शब्दाला फारसी 'दार' प्रत्यय लागून तो झाला. समजूत काढणे म्हणजे रुसलेल्याला वळवणे, आणि समजूतदार तो ज्याची समजूत काढता येते. हिंदी 'समझदार' दिसायला तसाच असला तरी त्यात अक्कल आणि व्यवहारज्ञान मुख्य. मराठी समजूतदारात जुळवून घेणे मुख्य. दिल्लीतल्या मराठी घरांत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि दुसऱ्या पिढीत हा फरक पुसटही होऊ लागला आहे.

'पोक्त' हा शब्द फारसी 'पुख़्ता'वरून आला. पुख़्ता म्हणजे शिजलेला, पिकलेला. संस्कृत 'पक्व' आणि फारसी 'पुख़्ता' मुळात एकाच प्राचीन धातूतून निघालेले असल्याने मराठीत पक्व, पक्का आणि पोक्त अशी एकाच कुळातली तीन माणसे वेगवेगळ्या वाटांनी येऊन राहिली आहेत. पोक्त माणूस शांत असतो तो अनुभवाने, स्वभावाने नव्हे. म्हणून पंचविशीतल्या कोणाला पोक्त म्हटले की त्यात थोडे कौतुक आणि थोडी कीव असते. हिंदीत 'पुख़्ता' माणसाला लागत नाही, पुराव्याला लागतो.

इंग्रजीतून आलेला 'सोबर' आता मराठीच झाला आहे. सोबर रंग, सोबर साडी, सोबर मुलगा. मूळ इंग्रजी शब्दाचा पहिला अर्थ दारू न प्यालेला, पण मराठी गृहिणी 'मुलगा अगदी सोबर आहे' म्हणते तेव्हा दारूचा विचार तिच्या मनात नसतो. तो भडक नाही, बडबड्या नाही, एवढेच तिला सांगायचे असते. मूळ अर्थ जिवंत आहे तो अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठी गटांत, जिथे सोबर असणे म्हणजे आजचा दिवस न पिता काढणे. साडीचा रंग आणि व्यसनमुक्ती या दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो याचे कोणाला नवलही वाटत नाही.

शांतपणाचे उरलेले शब्द बहुतेक उणेच आहेत. 'थंड डोक्याचा' चांगला, पण नुसता 'थंड' म्हणजे आळशी. 'शामळू' आणि 'मिळमिळीत' यांबद्दल बोलायलाच नको. 'स्थितप्रज्ञ' हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला थोर शब्द. विनोबांनी 1944 मध्ये शिवनीच्या तुरुंगात त्यावर व्याख्याने दिली, तीच पुढे 'स्थितप्रज्ञ-दर्शन' नावाने पुस्तक झाली. रोजच्या बोलण्यात मात्र घरात पाहुणे आले तरी पेपरातून डोके वर न काढणाऱ्या माणसाला स्थितप्रज्ञ म्हणतात. 'गरीब' हा शब्द मराठीत स्वभावालाही लागतो. 'मुलगी गरीब आहे' म्हणजे ती कोणाच्या अध्यात ना मध्यात. दिल्लीत हे वाक्य हिंदीत तसेच म्हटले तर ऐकणारा पैशांची मदत देऊ लागेल. अरबीत 'गरीब' म्हणजे परका, परमुलखातला. परका मनुष्य दबून राहतो आणि त्याच्या हातात पैसाही नसतो, म्हणून दोन्ही अर्थ त्यातून फुटले.

मुनिरकामध्ये परक्यांची कमतरता नाही. लाल डोऱ्याच्या आतले हे गाव आहे. 1908 साली इंग्रजांनी महसूल नकाशावर गावठाणाभोवती जी लाल रेघ मारली तिच्या आत बांधकामाचे नियम बरीच वर्षे सैल राहिले. त्यामुळे शेती गेल्यावर टोकस कुटुंबांनी घरे उंच केली आणि खोल्या भाड्याने दिल्या. एका बाजूला जेएनयू, थोड्या अंतरावर आयआयटी, आणि 2018 पासून दारात मेट्रोचे स्थानक. बिहार, मणिपूर, नागालँड, केरळ, महाराष्ट्र अशा सगळ्या ठिकाणची मुले इथे राहतात. दोन इमारतींच्या मधल्या गल्लीत भर दुपारी दिवा लावावा लागतो इतक्या त्या जवळ आहेत. एका घरातले बोलणे दुसऱ्या घरात ऐकू येते, आणि म्हणूनच खोली देताना भाडेकरूच्या स्वभावाची चौकशी आधी होते. त्या चौकशीत जो शब्द हमखास येतो तो 'शरीफ'.

'शरीफ' अरबी 'शरफ' म्हणजे मान, प्रतिष्ठा यावरून आला. 'अशरफ', 'मुशर्रफ' आणि पाहुण्याला बसायला सांगतानाची 'तशरीफ' हे सगळे त्याच मुळाचे. मक्केत पैगंबरांच्या वंशजांना शरीफ म्हणत. भारतात उच्चकुलीन मुसलमान स्वतःला अशराफ म्हणवत. मुंबईच्या शेरीफशी, म्हणजे नगरपालाशी, याचा काही संबंध नाही. तो इंग्रजी शब्द वेगळ्याच मुळाचा आहे. कुळाचा मान सांगणारा शब्द दिल्लीच्या उर्दूत आणि मग हिंदीत हळूहळू वागण्याचा मान सांगू लागला, आणि आता भाड्याच्या खोलीच्या संदर्भात त्याचा अर्थ फारच बारीक झाला आहे. रात्री वेळेवर परतणारा, मित्रमैत्रिणी न आणणारा, गाणी मोठ्याने न लावणारा, स्वयंपाकाचा वास बाहेर न जाऊ देणारा आणि पाच तारखेच्या आत भाडे देणारा तो शरीफ. अक्कल, न्यायबुद्धी, दुसऱ्याची बाजू समजणे यांतले काही त्यात नाही. ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांना ही यादी वर्षानुवर्षे इतरांपेक्षा जास्त कडक लागली. 2014 मध्ये केंद्र सरकारने ईशान्य भारतीयांच्या दिल्लीतल्या आणि अन्य शहरांतल्या तक्रारींसाठी एम. पी. बेझबरुआ समिती नेमली, तेव्हा भाड्याच्या घरांतला भेदभाव हा त्या तक्रारींपैकी एक होता.

याच अंगाने पाहिले तर मुनिरकाचा 'शरीफ' आणि मराठी घरातले 'शहाणं बाळ' यांत फारसे अंतर नाही. दोघांकडून मागणी एकच असते, त्रास न देण्याची. 'समंजस' त्याहून जास्त मागतो. समंजस माणूस भाडे वाढवून मागणाऱ्या मालकाशी वाद घालू शकतो, पण मालकाला घरपट्टी वाढल्याची अडचण असेल तर तीही ऐकून घेतो. तो गप्प बसत नाही आणि आरडाओरडाही करत नाही.

हिंदीत याच्या जवळ जाणारा शब्द 'सुलझा हुआ' हा आहे. गुंता सुटलेला, विचारांत गाठी नसलेला माणूस. दिल्लीत कोणा मराठी मुलाची शिफारस करायची असेल तर 'समंजस'चे भाषांतर 'समझदार' किंवा 'शरीफ' न करता 'सुलझा हुआ' करावे. अर्थाचा फारसा भाग सांडत नाही. जुलै 2025 मध्ये जेएनयूत कुसुमाग्रजांच्या नावाने मराठी भाषा, साहित्य आणि संस्कृतीचे विशेष केंद्र सुरू झाले आहे, म्हणजे मुनिरकाच्या खोल्यांत मराठी बोलणारे यापुढेही येत राहतील. त्यांनी घरमालकापुढे शरीफ जरूर असावे. समंजसपणा मात्र मालकाकडूनही मागावा.